बांधावरची मूठ

पत्रकावर सगळं नीट छापलं होतं :
दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण,
गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन,
आणि शेवटच्या ओळीत, किरकोळ असल्यासारखी,
मूठभर माती, बांधावरची.

निळा पिंप सेलूच्या भंगारातला.
पोटावर कुठल्याशा ॲसिडचं अर्धं नाव;
तीन दिवस राखेनं घासला तरी 'सावधान' तेवढं गेलं नाही.
शेण आमच्या लालकंधारीचं,
तिच्या शेपटीचे फटके खात गोळा केलेलं.
गुळाला मुंग्या. दुकानदार म्हणाला,
खायला नका वापरू हो वहिनी.
म्हटलं, खायलाच नेतेय. माणसांच्या नाही.
बेसन ओतताना सासूबाईंनी मनगट धरलं :
"अगं, एवढ्यात घरभर पिठलं झालं असतं की दोनदा."

मग माती आणायला बांधाकडं गेले
तर बांध नव्हता.

म्हणजे होता, तलाठ्याच्या नकाशात.
इथं रंगनाथ भावजींचा ट्रॅक्टर दर साली
तिकडून एक तास जास्तीचं घेणार,
मग आमचा इकडून एक.
बोरी गेल्या. तरवड गेला.
हराळीला आम्हीच फवारा दिला, दोन्हीकडून,
तेवढ्यापुरतं एकमत होतं.
राहिली वीतभर रेघ.
तिच्यावरून दोन्ही घरची पोरं
हात पसरून चालतात, डोंबारणीच्या पोरीसारखी.

फोन लावला ढवळे मॅडमना.
(नावच ढवळे. त्या तरी दुसरं काय शिकवणार?)
म्हणाल्या, जिथं नांगर लागला नाही,
औषध पडलं नाही, अशी कुठलीही आणा.
ते विरजण आहे, ताई.

विरजण. मी पिंपाशी उभी राहून
अख्खं गाव डोळ्यांनी फिरून आले.
शाळेपुढं मुरूम. देवळापुढं फरशी.
गायरानावर सोलरच्या काचा.
दुधनेचा काठ वाळूच्या हायवांनी उकरलेला.
एका गावाला विरजायला
मूठभर माती निघेना.

राहिलं कब्रस्तान.

मस्तानभाई फाटकात शेळीची दोरी सोडवत होते.
"मिट्टी? कितनी?"
मूठ दाखवली.
"किसकू?"
हरभऱ्याला, म्हटलं.
हसले नाहीत. आत गेले, मागं वळून न बघता,
म्हणून मीही गेले, पदर सावरत.
कडेच्या लिंबाखाली सुकला पाला
त्यांनी चपलेनं नाही, हातानं बाजूला केला.
"यहां से लेव. ये जगा मेरी है.
अभी खाली है."

मला खाली बसवेना.
मग त्यांनीच उकरली.
काळीच, आपलीच, तरी ढेकूळ नाही :
बाजरीच्या कण्यांसारखी सुटी,
वास जुन्या कणगीचा,
आणि एक गांडूळ, झोपमोड झाल्यासारखं.
"ये बी लेव," म्हणाले, "घर का है."

सकाळ-संध्याकाळ ढवळलं, काठी उजवीकडं फिरवत.
तिसऱ्या दिवशी फेस आला, ताक आंबल्यागत वास.
सासूबाई झाकण उघडून बघून आल्या
आणि बेसनाबद्दल परत बोलल्या नाहीत.

पहिल्या साली काही झालं नाही.
म्हणजे हरभरा झाला, नेहमीइतकाच;
मालक म्हणाले, तुझ्या पिंपानं निदान नुकसान नाही केलं.
दुसऱ्या साली उन्हाळ्यात भेगा पडल्या,
पण पाय जाईल एवढ्या नाही, बोट जाईल एवढ्या.
मी कुणाला सांगितलं नाही.
रोज एकीत बोट घालून बघायचे.

यंदा आमच्या बाजूचं एक तास मी सोडायला लावलं.
तिथं हराळी आलीय, पिवळी, लाजत.
रंगनाथ भावजी उभे राहून बघून गेले.
त्यांच्या मनात काय, ते नांगरटीला कळेल.

काल टहाळाची पेंढी घेऊन फाटकाशी गेले.
मस्तानभाईंनी एक घाटा फोडला, दातानं,
मग बोटं चाटली. पाल्याची आंब.
"खट्टा है," म्हणाले,
आणि दुसरा फोडला.